गाभडलेल्या गाईचं दूध, सासूबाईंचा ताप आणि दिराचा गोठा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. सिन्नरजवळ तुमच्या दिराचा गोठा आहे, सात-आठ गायी आणि चार शेळ्या. तिथलं दूध रोज सकाळी नाशिकला तुमच्याकडे येतं. गेल्या महिन्यात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, दिवाळीच्या सुमारास दुसरी गाभडली होती. गावी राहणाऱ्या सासूबाईंना तीन आठवडे संध्याकाळचा ताप येतोय, कंबर धरली आहे, टायफॉइडचं औषध पूर्ण होऊनही उतार नाही. मुलगा सुट्टीत गेला की गोठ्यातच पेलाभर धारोष्ण दूध पितो. हे दूध उकळून प्यायलं तर चालेल का, की बंदच करावं, आणि बंद केलं तर दीर दुखावतील त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. शेवटी गावठी कोंबडी-अंड्यांचंही विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरी या भागातल्या गोठ्यांवर बरीच वर्षं जातेय. माणसांवर उपचार करणं माझं काम नाही, त्यामुळे सासूबाईंच्या औषधाचं त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण त्या डॉक्टरांना गोठ्यातली जी गोष्ट कुणीच सांगितलेली नसणार, ती मी सांगू शकते.

दुधाचं उत्तर सोपं आहे: नीट उकळलेलं दूध चालतं, बंद करायची गरज नाही. पण तुमच्या घरातली सर्वांत जास्त धोक्यात असलेली व्यक्ती नाशिकमध्ये दूध पिणारी नाही. ती गोठ्यात गाभडलेल्या गाईची वार (गाभाबरोबर बाहेर पडणारा गर्भवेष्टनाचा भाग) उचलणारी आहे. तुमच्या लिहिण्यावरून ते काम सासूबाई आणि जाऊबाईच करतात असं दिसतं. म्हणून या उत्तरात दुधापेक्षा गोठ्याबद्दलच जास्त असेल.

माझी शंका ब्रुसेलोसिसची आहे, म्हणजे ब्रुसेला नावाच्या जंतूने होणाऱ्या, जनावरांकडून माणसालाही लागणाऱ्या आजाराची. पण आधी हे मान्य करू की गाय गाभडली म्हणजे ब्रुसेलोसिसच, असं नसतं. घसरून पडली, शिंग लागलं, लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीचा जोराचा ताप येऊन गेला, बुरशी लागलेला चारा पोटात गेला, अशा कितीतरी कारणांनी गाय गाभडते. लेप्टोस्पायरा हा जंतू आणि आयबीआर हा गायींचा विषाणूजन्य आजार, असे इतर संसर्गही आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एखादी गाय गाभडली असती तर मी एवढी काळजी केली नसती. पण पाचव्या महिन्यानंतर गाभडणं, एकाच गोठ्यात काही महिन्यांत दोन गायी गाभडणं, आणि त्याच गोठ्यातल्या माणसाला न हटणारा ताप असणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मी पहिलं नाव ब्रुसेलाचंच घेते. वार अडकली होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिरांना विचारा. अडकली असेल तर शंका आणखी बळावते.

हा जंतू गाभण जनावराच्या वारेत आणि गर्भाशयात प्रचंड वाढतो, म्हणून गाभ पडतो. गायी-म्हशींत बहुतेक वेळा ब्रुसेला अॅबॉर्टस सापडतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. फसवणारी गोष्ट पुढे आहे. बाधित गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या खेपेला ती व्यवस्थित विते, कालवड देते, अंगाने भरते, दूधही देते, आणि मालकाला वाटतं की आजार गेला. जंतू मात्र कासेत आणि तिच्या आसपासच्या गाठींत ठाण मांडून बसलेला असतो. तो वर्षानुवर्षं अधूनमधून दुधातून बाहेर पडतो आणि प्रत्येक वेताच्या वेळी वारेतून, स्रावातून. दुधाला वास नाही, रंग बदललेला नाही, कास सुजलेली नाही. त्यामुळे "गाय तर ठणठणीत आहे" हे वाक्य या आजारात काहीच सिद्ध करत नाही.

माल्टा बेटावर हेच घडलं होतं. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोनमहिने ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला पुढची अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी तिथल्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दिसायला निरोगी असलेल्या शेळ्याच बाधित निघाल्या. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं दूध द्यायचं बंद झालं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला. एवढी वर्षं शोध लागला नाही, कारण शेळ्या आजारी दिसतच नव्हत्या.

आता तुमच्या घरातलं दूध. पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, आणि तेवढ्याने ब्रुसेला मरतो. गाईच्या क्षयाचा जंतूही मरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी शंभराच्या दोनेक अंश खालीच उकळतं. त्याने काही बिघडत नाही, उकळी पाश्चरीकरणाच्या कितीतरी पुढे असते. फक्त ती खरी उकळी असू द्या. दूध ढवळत तापवा, वर आलं की आच मंद करून आणखी एक-दोन मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलेलं दूध यात धरू नका, त्यात एक भाग कढत होतो आणि दुसरा गारच राहतो. उकळल्याने दुधातला कस जातो असं दिरांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. थोडं क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं कमी होतात, हे खरं आहे. पण क जीवनसत्त्वासाठी कुणी दूध पीत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम, ज्यासाठी आपण मुलांमागे पेला घेऊन फिरतो, ते जागच्या जागी राहतं. गाय गीर आहे की संकरित याने यातलं काहीच बदलत नाही.

उकळलेल्या दुधाचं दही, ताक, सायीचं लोणी, कढवलेलं तूप, फाडून केलेलं पनीर, सगळं चालेल. चिकाचा खरवस कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात आतपर्यंत घट्ट शिजतो, तोही चालेल. पण कच्चा चीक बोटाने चाखणं आजच बंद करा, कारण व्यायल्यानंतरच्या दिवसांत जंतू बाहेर पडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. निरसं दूध फ्रीजमध्ये ठेवून त्याचा मिल्कशेक किंवा घरचं आइस्क्रीम केलं तर धोका तसाच राहतो, थंडीने ब्रुसेला मरत नाही. आणि एक जागा सगळेच विसरतात: पंचामृत. सत्यनारायणाला किंवा अभिषेकाला बहुतेक घरांत निरसंच दूध घेतात आणि तेच तीर्थ म्हणून लहान मुलांच्या हातावर पडतं. देवाला निरसं दूध वाहायचं असेल तर वाहा. जे प्यायचं आहे ते उकळून गार केलेल्या दुधाचं करा. मी असं करायला सांगितलं तेव्हा एकाही गुरुजींनी माझ्याशी वाद घातलेला नाही.

मुलाचं धारोष्ण दूध बंद. हे मी मऊ शब्दांत सांगणार नाही. कालपर्यंत काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की कालच्या पेल्यात जंतू नसावेत किंवा कमी असावेत. फक्त ब्रुसेलाच नाही, निरोगी गाईच्या शेणात ई. कोलायचा एक घातक प्रकार असू शकतो, तो धार काढताना दुधात उतरतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. मुलाला आत्ता काही होत नसेल तर घाबरून औषधं सुरू करू नका. पुढचे काही महिने रेंगाळणारा ताप, सांधेदुखी किंवा लंगडणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना "हा निरसं दूध प्यायला आहे आणि त्या गोठ्यात गायी गाभडल्या आहेत" हे पूर्ण वाक्य सांगा.

आता गोठा. गाय गाभडली की आपल्याकडे काय होतं ते मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की न बघताही सांगू शकते. पडलेला गाभ कुणीतरी हाताने उचलतो. वार अडकली असेल तर ती उघड्या हाताने ओढतात. मग ते सगळं उकिरड्यावर किंवा ओढ्याच्या काठी टाकतात. कुत्री ते ओढून दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेतात. खाली सांडलेलं पाणी घरातली बाई खराट्याने ढकलते, पदराला हात पुसते आणि तशीच धार काढायला बसते. एका वारेत जंतूंची संख्या अफाट असते. हाताला खरचटलेलं असेल तर तिथून, डोळ्यात शिंतोडा उडाला तर तिथून, झाडताना उडालेले तुषार नाकात गेले तर श्वासातूनही संसर्ग होतो. पशुवैद्यकांनाही हा आजार असाच होतो. माझ्या ओळखीतल्या एका सहकाऱ्याला वार काढताना लागण झाली आणि पाठीच्या दुखण्याने तो कित्येक महिने जेरीस आला होता. तो कायम उकळलेलंच दूध पिणारा.

म्हणून सासूबाईंबद्दल उशीर करू नका. माणसात हा आजार साधारण दोन ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी दिसतो. चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि मोठे सांधे दुखणं, कमालीचा थकवा. पुरुषांत कधी अंडकोषाला सूज येते. हीच लक्षणं टायफॉइडची आणि क्षयाचीही वाटू शकतात, आणि आपल्याकडे ताप लांबला की विडाल चाचणी करून टायफॉइडचं नाव पडतं. एकट्या विडालवर विसंबणं धोक्याचं आहे. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो, गाईकडून येत नाही, त्यामुळे तो शिक्का एकदा बसला की गोठ्याबद्दल कुणी विचारतच नाही. फिजिशियनकडे जा आणि आपणहून सांगा: गोठ्यात दोन गायी गाभडल्या, वार यांनी हाताने उचलली, ब्रुसेलाची तपासणी करायची का? ते रक्ताची अॅग्लुटिनेशन चाचणी किंवा एलायझा सांगतील, कदाचित ब्लड कल्चरही. कल्चरला देताना ब्रुसेलाची शंका आहे हे प्रयोगशाळेला कळवायला हवं, कारण हा जंतू हळू वाढतो आणि तिथल्या तंत्रज्ञांनाही लागू शकतो.

निदान तेच निघालं तर आजार बरा होतो, हे त्यांना नक्की सांगा. पण उपचार लांबतो. मोठ्या माणसांत सहसा दोन प्रतिजैविकं एकत्र आणि सहा आठवडे देतात. दहा दिवसांत ताप उतरतो, माणूस गोळ्या सोडतो आणि दोन महिन्यांनी तोच ताप परत येतो, असं फार होतं. तुम्ही नाशिकमध्ये आहात, त्या गावी. रोज फोन करून गोळी घेतली का हे विचारण्याचं काम तुम्हीच अंगावर घ्या. जाऊबाईंना किंवा दिरांना असा ताप येऊन गेला असेल तर त्यांचीही तपासणी होऊ द्या. हा आजार माणसाकडून माणसाला जाणं अत्यंत दुर्मीळ आहे, सासूबाईंची ताट-वाटी वेगळी करू नका.

दिरांशी कसं बोलायचं, हा तुमचा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि माझं त्यावर ठाम मत आहे. दूध बंद करू नका. गिऱ्हाइकांनी दूध तोडलं की गोठेवाला पुढची गाभडलेली गाय लपवतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि मग ती गाय गुपचूप बाजारात जाते. आपल्याकडे बाधित गाय कळपातून काढून टाकायचा सोपा मार्ग नाही, तेव्हा ती विकली जाते आणि दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या दावणीला बांधली जाते, त्याची बायको तिची वार उचलते. तुमच्या दिरांनी तुम्हाला गाभडल्याचं सांगितलं, ही त्यांची चांगुलपणाची खूण आहे. तिला शिक्षा होता कामा नये.

त्यांना म्हणा, दूध आम्ही घेणारच, पण आईसाठी गोठा तपासून घेऊ. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवलं की पशुवैद्यक येऊन गायींच्या आणि शेळ्यांच्या रक्ताचे नमुने घेतात. रोझ बंगाल चाचणी पटकन होते, खात्रीसाठी नमुने पुढे प्रयोगशाळेत जातात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. सगळ्या गोठ्याच्या एकत्र दुधावर मिल्क रिंग टेस्टही करतात, पण ती चाळणी आहे, निकाल नव्हे. गाय नुकतीच गाभडली असेल तर पहिली रक्तचाचणी कधी निर्दोष येते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायला सांगा. २००९च्या केंद्रीय कायद्यात हा रोग अनुसूचित आहे, म्हणजे कळवणं हे कर्तव्यच आहे. पण दिरांशी बोलताना सुरुवात कायद्याने करू नका.

निकाल काहीही येवो, विण्याची जागा वेगळी करायला आजपासून सुरुवात करता येईल. गोठ्याच्या एका कडेला, पाणी बाकी जनावरांकडे वाहत जाणार नाही अशी. कोपराच्या वरपर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे औषधाच्या दुकानात मिळतात. पायात गमबूट, तोंडाला जाड रुमाल, शक्य असेल तर डोळ्यांवर साधा चष्मा. वार आणि गाभ खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल. जमिनीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी आधी टाकायचं, मग धुवायचं, कोरडं झाडायचं नाही. ऊन पडलं की जंतू लवकर मरतो, सावलीच्या ओलसर जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या जागेकडे फिरकायचंच नाही. गाभडलेल्या गाईची धार सर्वांत शेवटी काढायची. आणि गावच्या वळूकडे न नेता कृत्रिम रेतन करून घ्यायचं.

लशीचं काम मात्र पुढच्या पिढीसाठी असतं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना एस-१९ ही लस आयुष्यात एकदाच देतात, नर वासरांना नाही, गाभण गाईलाही नाही. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे, आणि नोंद कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर होते. लस जिवंत जंतूची असते, टोचताना सुई माणसाला लागली तर माणूस आजारी पडू शकतो. त्यामुळे ती पशुवैद्यकानेच द्यायची, कालवड धरायला मुलांना उभं करायचं नाही. आधीच बाधित असलेली गाय या लशीने बरी होत नाही. तुमच्या दिरांच्या गोठ्यात आज तीन-चार कालवडी असतील, तर पाच वर्षांनंतरचा गोठा त्यांच्यावरच उभा राहणार आहे.

शेळ्यांना विसरू नका. नाशिक आणि नगर पट्ट्यात संगमनेरी शेळी घरोघरी आहे आणि तिचं दूध "हलकं, औषधी" म्हणून आजारी माणसाला आणि तान्ह्या बाळाला निरसं पाजतात. शेळीतला मेलिटेन्सिस माणसात गाईच्या जंतूपेक्षा जास्त जोरकस आजार करतो. आजारी माणसाला आणि बाळाला ते निरसं दूध पाजणं हे नेमकं उलटं होतं. शेतात खतासाठी धनगरांच्या मेंढ्या बसवत असाल, तर सकाळी तिथे पडलेल्या वारा किंवा मेलेली कोकरं हाताने गोळा करू नका.

राहिलं कोंबडी-अंड्यांचं. त्यांच्यात ब्रुसेलाची चिंता नाही, तिथे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असतात, गावठी कोंबडीतही आणि ब्रॉयलरमध्येही. रस्सा खळखळून शिजला की दोन्ही मरतात. गडबड होते ती रश्शाशेजारच्या कांदा-लिंबात, कारण मटण-चिकन कापलेल्या विळीवर किंवा फळीवरच कांदा कापला जातो. तो आधी कापून ठेवा, किंवा फळी वेगळी ठेवा. नळाखाली चिकन जोरात धुतलं की शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत जातात, तेव्हा धुवायचंच असेल तर पातेल्यात हळू धुवा आणि ओटा साबणाने पुसा. सासूबाई आजारी आहेत तोवर आणि मुलगा लहान आहे तोवर अंडं बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची तुमच्याकडे पद्धत असेल तर ती सोडा.

सासूबाईंचे रिपोर्ट आणि गोठ्याचे निकाल आले की इथे लिहा. गायींपैकी किती बाधित निघतात त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. एकच निघाली तर तिला वेगळं बांधून बाकी गोठा सांभाळता येतो, पाच निघाल्या तर दुसरा विचार करावा लागेल, आणि तो दिरांशी थेट बोलून करायला मला आवडेल.